भर उन्हात, उघड्या मुरमावर: माळटिटवी अंडी कशी जगवते

एप्रिल संपत आला की बारामती, इंदापूर, करमाळ्याकडच्या माळावर दुपारी कुणी उगाच उभं राहत नाही. मेंढरं हिवराच्या सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून गोळा झालेली असतात. खोकड बिळात असतं, काळवीट बोरीच्या आडोशाला. नेमक्या याच दिवसांत एक टिटवी शंभर पावलांवरची सावली सोडून भर मुरमावर अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतं. जमिनीत पायांनी आणि छातीने उकरलेला एक उथळ खळगा, कडेला चार खडे, क्वचित सुकी लेंडी. वर आभाळ, बाजूला वारा.

अंडी उकडून निघतील की! कुणाच्याही मनात पहिला विचार हाच येतो, आणि तो बरोबरही आहे. टिटवी दुपारभर तिथून उठून गेली तर ती खरंच उकडून निघतील. मग ती सावलीत का घालत नाही? झुडपात का नाही, पावसाळ्यानंतर गारव्यात का नाही? त्याचं उत्तर शोधायला गेलं की टिटवीपासून सुरू झालेली गोष्ट बाष्पीभवन, अंड्यावरचे ठिपके, कोल्ह्याचं नाक असं फिरत शेवटी सात-बाराच्या उताऱ्यापर्यंत येते.

आधी पक्षी कोणता ते नक्की करू. विहिरीजवळ, ओढ्याकाठी, रात्री-बेरात्री 'टिटीव-टिटीव' करून गाव डोक्यावर घेते ती नेहमीची टिटवी, म्हणजे ताम्रमुखी. तिच्या डोळ्यापुढे लाल गाठ असते. आपली माळटिटवी तिची चुलत बहीण. तिला पीतमुखीही म्हणतात, कारण डोळ्यापुढून चोचीकडे लोंबणारी कातडी पिवळीधमक असते. डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी रेघ, पाठ मातकट, पाय लांब आणि पिवळे. लांबी २६ ते २८ सेंटिमीटर. ही मोठ्या बहिणीइतकी बोभाटा करत नाही. आवाज बारीक आणि तुटक. जगात ती भारतीय उपखंडातच आढळते. शास्त्रीय नाव मिळालं ते १७८३ साली, आणि नावात मलबार असला तरी तिचं खरं राज्य कोरड्या, मोकळ्या जमिनीवर आहे.

आता एक विसंगती. टिटव्या ज्या गणात येतात त्यात तुतवार, शेकाट्या, चिखल्या असे सगळे चिखलातून, उथळ पाण्यातून चालणारे पक्षी आहेत. इंग्रजीत त्यांना सरसकट वेडर म्हणतात. उजनीच्या काठावर हिवाळ्यात शेकड्यांनी दिसतात तेच. त्यांच्या गोतावळ्यातली ही एक बाई पाण्यापासून दूर, खडकाळ बरडावर संसार थाटते म्हणजे काय?

माझं मत असं की आपण या कुटुंबाकडे चुकीच्या बाजूने बघतो. पाणी दिसतं म्हणून पाण्याला महत्त्व देतो. ओहोटीनंतरचा चिखल आणि चरून आखूड झालेला माळ यांत एक गोष्ट सारखी आहे: दोन्हीकडे नजर अडत नाही. तुतवार लांब चोच चिखलात खुपसून चाचपडत खातो. त्याला मऊ जमीन लागतेच. टिटव्या आणि चिखल्या मात्र डोळ्यांनी शिकार करतात. चार पावलं पळायचं, थांबायचं, बघायचं, काही हललं की वाकून टिपायचं. त्यासाठी मोठे डोळे, आखूड चोच, पळायला लांब पाय आणि समोर उघडी जमीन एवढं भांडवल पुरतं. भुंगेरे, वाळवी, किडे, अळ्या माळावर भरपूर. चांदण्या रात्रीही हे काम चालू राहतं. तेव्हा पाणथळ सोडून माळावर येणं ही फार मोठी उडी नव्हती.

अडचण खाण्याची नव्हतीच. अडचण अंड्यांची होती.

उन्हाचा हिशेब

पक्ष्याच्या अंड्यातला गर्भ साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सियसला नीट वाढतो. तापमान बरंच खाली, पंचविशीच्या आसपास आलं की वाढ थांबते, पण गर्भ लगेच मरत नाही. तो थांबून राहतो, ऊब मिळाली की पुढे सरकतो. वरच्या बाजूला मात्र अशी सवलत नाही. चाळिशीच्या पुढे दोन-चार अंश गेलं आणि तिथे काही वेळ राहिलं की खेळ संपला. म्हणजे गारव्याने उशीर होतो आणि उन्हाने मरण येतं. थंड देशांतल्या पक्ष्यांचं उबवणं म्हणजे अंड्याला ऊब देणं. माळावरच्या दुपारी नेमकं उलटं काम असतं. अंडं तापू द्यायचं नाही.

हवेचं तापमान आपण सावलीत मोजतो. सावलीत ४१-४२ अंश असतील तेव्हा उघडा मुरूम ५० अंशांच्या सहज वर गेलेला असतो. अनवाणी चालून बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही. टिटवीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या जवळपास. म्हणजे त्या दुपारी अंड्यांच्या आजूबाजूला सगळ्यांत कमी तापलेली वस्तू कोणती असेल, तर खुद्द टिटवी. ती अंड्यांवर बसते किंवा पाय ताठ करून वर उभी राहते, पाठ उन्हाकडे करते, पिसं फुलवते, पंख किंचित सैल सोडते. अंड्यांवर सावली पडते आणि खालून वारा जातो. चोच उघडी ठेवून धापा टाकणं चालूच असतं. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे शरीरातली उष्णता श्वासावाटे, घशातून पाणी उडवून बाहेर काढावी लागते.

एवढंही पुरलं नाही तर पुढचा उपाय मला सगळ्यांत आवडतो. जोडीदार घरट्यावर आला की दुसरा पक्षी पाण्यावर जातो. पिण्यासाठी जातोच, पण पिऊन झाल्यावर पाण्यात उकिडवा बसतो आणि पोटाची पिसं भिजवतो. हे काम घाईत उरकत नाही. जवळजवळ दहा मिनिटं तो तसा भिजत बसल्याच्या नोंदी आहेत. मग ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसतो.

ओल्या पोटाने काय साधतं? माठात पाणी जसं गार होतं, तसंच. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं. तेवढ्या उष्णतेत ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी गार होऊ शकतं. अंड्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे पिसांत राहिलेल्या एक-दोन ग्रॅम पाण्यानेही चार अंड्यांच्या गठ्ठ्याला चांगलाच दिलासा मिळतो. अर्थात सगळी उष्णता अंड्यातूनच जाते असं नाही. काही हवेतून, काही पक्ष्याच्या अंगातून जाते. पण दिशा योग्य आहे. आणि कोकणात माठ घाटावरच्याइतका गार का होत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचंही कळेल: ही युक्ती कोरड्या हवेतच नीट चालते. पावसाळी दमट हवेत ओलं पोट नुसतं ओलंच राहतं.

पाणी वाहून आणण्याच्या बाबतीत माळावरचाच दुसरा पक्षी, पखुर्डी, टिटवीच्या पुढे आहे. पखुर्डीच्या नराच्या पोटावरची पिसं पाणी धरून ठेवण्यासाठीच घडलेली असतात आणि त्या ओल्या पिसांतून पिल्लं पाणी पितात. टिटवीची पिसं साधीच. ती सवयीवर भागवते.

सुरेश जयकर आणि हेलन स्पर्वे या दोघांनी १९६०च्या दशकात माळटिटवीच्या विणीचा चिकाटीने अभ्यास केला. स्पर्वे या नामवंत जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या पत्नी. हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि त्यांच्याभोवती तरुण अभ्यासकांचा जो गट जमला त्यात जयकर होते. दोघांचे लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही आले. त्यांना खुपलेला प्रश्न आपलाच होता: हा पक्षी कोरड्या ऋतूतच का विणतो? हॉल्डेन यांच्या वर्तुळातल्या माणसांनी जनुकशास्त्राच्या गणितांतून वेळ काढून मुरमावरची अंडी मोजावीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग उन्हाळाच का?

माळटिटवीचा हंगाम मार्चपासून चालू होतो आणि मार्च ते मे हा त्याचा भर असतो. कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं गवताचं. मारवेल, पवन्या, कुसळी ही माळावरची गवतं पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत, काही ठिकाणी कमरेपर्यंत येतात. दसरा-दिवाळीपर्यंत ती वाळतात, पुढे कापली जातात, चरली जातात, मोडून पडतात. मार्चपर्यंत माळ पुन्हा उघडा झालेला असतो. टिटवीचं सगळं संरक्षण शत्रू लांबून दिसण्यावर उभं आहे. उंच गवतात बसलेल्या टिटवीला मुंगूस जवळ येईपर्यंत दिसणार नाही.

दुसरं पाण्याचं. सपाट माळावर वळवाचा एक जोराचा पाऊस झाला तरी खळग्यात पाणी साचतं. जमिनीवरच्या घरट्याला उन्हाइतकाच पावसाचा धोका असतो.

तिसरं कारण पिल्लांचं आणि माझ्या मते तेच निर्णायक. उबवायला साधारण चार आठवडे लागतात. मे महिन्यातली अंडी जूनच्या तोंडावर फुटतात. पहिल्या पावसाबरोबर वाळवीला पंख फुटतात, भुंगेरे जमिनीतून वर येतात, कोवळ्या हिरवळीवर अळ्या दिसू लागतात. टिटवीची पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःचं खाणं स्वतः टिपतात. आई-बाप भरवत नाहीत. तेव्हा खाणं मुबलक, जवळ आणि सोपं असण्याची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच. उन्हाची किंमत आई-बाप मोजतात आणि मोबदला पिल्लांना मिळतो. लवकर विणलेल्या जोड्यांना दुसरी वीण काढायलाही वेळ मिळतो. आधीच्या विणीचं पिल्लू दुसऱ्या घरट्याच्या आसपास वावरताना, मदत करतानाही पाहिलं गेलं आहे.

इथे पावसाच्या भाकिताचा विषय काढलाच पाहिजे, कारण दर मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांची बातमी येतेच. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोरदार, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ. चार अंडी असतील तर चारही महिने पाऊस, तीन असतील तर तीन. शेतकऱ्याने माळावरच्या पक्ष्यावर इतकं बारीक लक्ष ठेवलं ही गोष्ट मोठी आहे. पण चार अंडी हा या सगळ्या गोतावळ्याचा ठरलेला आकडा आहे. युरोपातल्या टिटव्या चार घालतात, तुतवार चार घालतात, आफ्रिकेतल्या टिटव्यांतही चारपर्यंतच. १९७२च्या दुष्काळातही आपल्या माळावर बहुतेक घरट्यांत चारच अंडी असणार. चारच का, याचं एक कारण आकारात आहे. अंडं एका टोकाला चांगलंच निमुळतं असतं. चारही अंडी निमुळती टोकं आत करून ठेवली की कमीत कमी जागेत बसतात आणि पोटाखालच्या उघड्या, ऊब देणाऱ्या कातडीला सगळी लागतात. पाचवं अंडं बाहेर राहील.

चार अंडी एका दिवसात घातली जात नाहीत, तरी पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर येतात. शेवटचं अंडं पडेपर्यंत नेटाने उबवणं सुरूच होत नाही, म्हणून हे जमतं. लाव्यांवरच्या प्रयोगांत तर आणखी एक गंमत दिसली: फुटायला आलेली अंडी आतून टिकटिक आवाज करतात आणि तो ऐकून मागे पडलेला गर्भ घाई करतो. जमिनीवर जन्मणाऱ्यांना एकत्र निघणं परवडतं, मागे राहणं परवडत नाही.

न दिसण्याची कला

उन्हाचं झालं, आता चोरांचं. मुंगूस, खोकड, घोरपड, कावळा, घार, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यांना मागे टाकणारी भटकी कुत्री.

टिटवीचं अंडं मातकट असतं, त्यावर काळपट-तपकिरी ठिपके आणि डाग. ठिपक्यांचं काम नुसता रंग जुळवण्याचं नसतं. ते अंड्याची कडा मोडतात. डोळा वस्तू ओळखतो ती तिच्या बाह्यरेषेवरून, आणि गोल, अखंड बाह्यरेषा मुरमावर दुसरी कुणाची नसते. डाग त्या रेषेवर पडले की नजरेला एक अंडं न दिसता पाच-सहा खडे दिसतात. घरट्याच्या कडेला आणून ठेवलेले खरे खडे या गोंधळात भर घालतात.

याचा खरा कस लागला आफ्रिकेत. झांबियातल्या सवाना प्रदेशात, चोमा भागात, ब्रिटिश आणि स्थानिक अभ्यासकांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पक्षी यांचे काटेकोर फोटो घेतले, ते शत्रूच्या डोळ्यांना कसे दिसतील याचा हिशेब केला आणि कोणती घरटी टिकली ते पाहिलं. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रातवे आणि टिटव्या-धाविक (धाविक म्हणजे उघड्या जमिनीवर पळणारे, टिटवीच्याच गोतावळ्यातले पक्षी) यांचे मार्ग वेगळे निघाले. रातवा अंड्यांवर शेवटच्या क्षणापर्यंत दगडासारखा बसून राहतो. तिथे घरटं टिकणं पक्ष्याचा स्वतःचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर अवलंबून होतं. टिटव्या आणि धाविक शत्रू दिसताच लांबूनच उठून जातात. तिथे अंड्यांचा रंग निर्णायक ठरला. पुढच्या कामात असंही दिसलं की प्रत्येक मादी आपल्या अंड्यांच्या छटेला जुळणारी जमीन निवडते. सगळ्या मिळून 'साधारण मातकट' जागा शोधतात असं नाही. जिची अंडी जशी, तशी तिची जागा. तिला ते कसं कळतं हा पुढचा प्रश्न. बहुधा आधीच्या विणींत स्वतःची अंडी बघून.

आता टिटवीचं वागणं उलगडतं. आपण माळावरून चालत असतो आणि लांब एक टिटवी नुसती चालताना दिसते. ती घरट्यावरून केव्हाच उठलेली असते. उडून न जाता आधी गुपचूप पायी दूर जायचं आणि मग दिसायचं, म्हणजे ती कुठून उठली हे बघणाऱ्याला कळत नाही. पोट पांढरं, गाठ पिवळी, डोकं काळं. हा पक्षी स्वतः लपण्यासाठी घडलेलाच नाही. म्हणून अंड्यांना लपवण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः तिथे नसणं. पण दुपारी तिथे नसलं तर अंडी तापतात. ऊन म्हणतं बस, खोकड म्हणतं ऊठ. माळटिटवीचा सगळा दिवस या दोन हुकमांच्या मध्ये जातो.

धोका आणखी जवळ आला की नाटक सुरू होतं. कधी ती घरटं नसलेल्या जागी जाऊन, पिसं फुलवून, अंड्यांवर बसल्यासारखी बसते. आपण तिकडे गेलो की उठते आणि दुसरीकडे बसते. कधी एक पंख मोडल्यासारखा फरफटत पळते. मुंगसाला किंवा कुत्र्याला सोपी शिकार दिसते, तो मागे लागतो, आणि पुरेसा लांब गेल्यावर पंख एकदम बरा होतो. गुरांपुढे मात्र टिटव्या हे नाटक करत नाहीत. म्हशीला जखमी पक्ष्यात काय रस! तिथे पंख पसरून, ओरडत थेट तोंडासमोर उभं राहायचं, म्हणजे जनावर पाय टाकायच्या आधी बिचकून वळतं. कोणापुढे कोणता प्रयोग हे पक्ष्याला कळतं, आणि अंडी फुटायची वेळ जवळ येईल तसा धीटपणाही वाढतो, कारण तोवर घातलेली मेहनत वाढलेली असते.

पिल्लू बाहेर आलं की एक नवी भानगड होते. कवचाची बाहेरची बाजू मातकट, पण आतली पांढरी. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांवर याचाच प्रयोग केला. हे कुरव हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर येतात, पण प्रयोग झाले इंग्लंडमधल्या त्यांच्या विणीच्या जागी. टिनबर्गेन यांनी काही अंड्यांशेजारी फुटकं कवच ठेवलं, काहींशेजारी नाही. कवच शेजारी असलेली अंडी कावळ्यांनी आणि इतर चोरांनी जास्त उचलली. म्हणून पक्षी कवच उचलून लांब टाकतात. साध्या प्रश्नाला साधा प्रयोग. याच धाटणीच्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं.

पिल्लं अंग वाळताच घरटं सोडतात. आईचा इशारा आला की जिथे असतील तिथे जमिनीला चिकटून पडतात आणि हलत नाहीत. त्या वेळी आपण पाय टाकू त्या जागीही पिल्लू असू शकतं. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर 'कुठंय, कुठंय' म्हणून शोधत फिरू नये. आल्या वाटेने मागे जावं.

ज्याला आपण पडीक म्हणतो

इथवर जे सांगितलं त्या प्रत्येक गोष्टीला उघडी जमीन लागते. लांबवर नजर जायला, पळायला, अंड्याला मुरूम जुळायला, वारा खेळायला. या उघड्या जमिनीचं शास्त्रीय नाव सवाना: जमिनीवर सलग गवत आणि मधूनमधून एखादं बाभूळ, हिवर, बोर. सवाना म्हटलं की आपल्याला केनिया-टांझानिया आठवतं, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याच्या माणदेशापर्यंतचं माळरान सवानाच आहे.

त्याबद्दल एक जुना गैरसमज आहे: इथे पूर्वी दाट जंगल होतं, माणसाने तोडलं, गुरांनी चरलं, म्हणून उजाड माळ झाला. इंग्रजांच्या काळातल्या वनखात्याची ही दृष्टी. लाकूड नसलेली जमीन म्हणजे बिघडलेली जमीन. पण उष्ण प्रदेशातली ही गवतं भारतीय उपखंडात लाखो वर्षांपूर्वी पसरली, शेती आणि कुऱ्हाड यांच्या कितीतरी आधी. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक वेगळाच पुरावा मांडला. तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, लोककथा, ओव्या यांत पश्चिम महाराष्ट्राच्या या भागातल्या कोणत्या रानवनस्पती येतात ते त्यांनी तपासलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक माळावरच्याच निघाल्या. काटेरी बाभळी आणि गवताची कुरणं तेव्हाही होतीच. माळ हा जंगलाचा अवशेष आहे, या समजुतीला आपल्याच संतांनी आणि जात्यावरच्या बायकांनी छेद दिला म्हणायचा.

कागद मात्र अजून जुनंच बोलतात. उताऱ्यावर पडीक, पोटखराब, गायरान. केंद्र सरकारने २००० सालापासून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत देशभरातले गवताळ प्रदेश पडीक म्हणूनच मोजले गेले. एकदा पडीक ठरलं की तिथे काहीही आणणं सुधारणाच ठरते: औद्योगिक वसाहत, सौरऊर्जेचे पट्टे, किंवा वृक्षारोपण. शेवटच्याला विरोध करणं सगळ्यांत अवघड, कारण झाड लावण्यावर कोण रागावणार? मी रागावतो. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या कित्येक माळांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. पानगळ भरपूर, शेळ्या-मेंढ्यांना फारसा उपयोग नाही. टिटवीच्या बाजूने बघितलं तर ओळीने झाडं म्हणजे नजर अडली, कावळ्याला टेहळणीसाठी फांदी मिळाली, मुरमावर पाचोळा पडला आणि त्यावर तिचं अंडं उठून दिसू लागलं. एकही टिटवी कुणी मारली नाही. तरीही ती तिथून गेली.

माळढोकाचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातलं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते सुमारे १,२२२ वर आलं. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. माळटिटवीची स्थिती तशी नाही. जागतिक यादीत ती चिंताजनक गटात नाही, आणि पडून असलेल्या रानातही ती भागवून घेते. पण देशभरच्या पक्षीनोंदींवर आधारलेल्या २०२३च्या अहवालात उघड्या माळावर राहणारे पक्षी एक गट म्हणून जोरात घटताना दिसतात, आणि तिचं घर तेच आहे.

चराईबद्दल मात्र सरसकट बोलू नये. धनगरांची मेंढरं हंगामात येऊन गवत आखूड करून जातात, याचा टिटवीला फायदाच होतो. गवत वाढू दिलेल्या, कुंपण घातलेल्या माळावर ती फिरकत नाही. वर्षभर एकाच जागी गुरं तुडवत राहिली तर अंडी पायाखाली जातात. प्रमाण आणि वेळ यांवर सगळं आहे. गायरान घालवल्यावर उरलेल्या तुकड्यावर सगळ्यांची जनावरं येतात, तेव्हा दोष मेंढपाळाला देणं सोपं असतं, बरोबर नसतं.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टिटवी थोडा वेळ घरट्यावरून उठली तर अंड्यांना सहसा काही होत नाही. अकरा ते चारमध्ये तिला उठवू नका, आणि उठलीच तर ती परत बसेपर्यंत तिथे रेंगाळू नका. या लेखातला उन्हाचा हिशेब त्या मिनिटांना लागू आहे.

शेतकऱ्यांसाठी दुसरी. माळाला लागून असलेल्या पडून राहिलेल्या रानात नांगरटीच्या वेळी अंडी सापडतात, आणि बरेच जण ती जपतात. ती उचलून बांधावर नेऊन ठेवू नयेत. टिटवी अंड्यांपेक्षा जागा ओळखते आणि हलवलेल्या अंड्यांवर बहुधा बसत नाही. त्यापेक्षा घरट्याभोवती चार-पाच हातांचा तुकडा तसाच सोडून पुढे नांगरावं. खूण म्हणून काठी रोवायची असेल तर ती अंड्यांजवळ नको. तिच्यावर कावळा येऊन बसतो. दहा-पंधरा पावलांवर, बांधाच्या कडेला एखादा मोठा दगड ठेवला तरी ट्रॅक्टरवाल्याला पुरतो.